हिप्परग्याला घारीएवढा कुरव (सीगल) दिसला. कुणी सांगेल का कुठला?

तुळजापूर_रोडवाला | १५ डिसेंबर, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. पक्ष्यांतलं मला फार कळत नाही, दुर्बीण घेऊन दोनच वर्षं झाली. मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी. सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग ही माझी लाइन. आठवड्यातून दोनदा हिप्परग्याच्या तलावावरून जाणं होतं. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली की मी साडेसातलाच घर सोडतो आणि तास-दीड तास तलावावर काढतो. (ही गोष्ट बायकोला माहीत नाही, एरिया मॅनेजरलाही नाही. दोघं इथं येत नाहीत या भरवशावर लिहितोय.)

परवा सकाळची गोष्ट. तलाव अजून बऱ्यापैकी भरलेला आहे, पण रस्त्याच्या बाजूला मुरमाचा एक उंचवटा पाण्याबाहेर आलाय. त्यावर पंधरा-वीस तपकिरी डोक्याचे कुरव बसले होते. ते मला ओळखता येतात. थंडीत डोकं पांढरं, कानामागं काळा ठिपका, चोच लाल आणि टोकाला काळी. चार शेकाटे (ते काटकुळ्या लांब पायांचे) होते, एक राखी बगळा होता. आणि कुरवांच्या रांगेत शेवटी, दोन हात सोडून, एक थोराड पक्षी. आधी वाटलं कुणाचं तरी पाळलेलं बदक सुटून आलंय. दुर्बीण लावली तर कुरवच. पण शेजारचे कुरव त्याच्यापुढं पिल्लं वाटत होते.

जे दिसलं ते सगळं लिहितो. चोच लांब, जाड, मुळाशी फिकट पिवळी आणि टोकाला काळी. कपाळ उतरतं. डोळ्याभोवती आणि मागं काळपट डाग, रडल्यावर काजळ पसरतं तसा. त्या काजळाच्या वर आणि खाली पांढरी कोर. पाठ राखाडी, पंखांत मधे मधे मळकट तपकिरी.

तेवढ्यात वरून घार आली. सगळे कुरव कालवा करून उठले, शेकाटे ओरडायला लागले. हा मात्र नुसती मान वाकडी करून वर बघत राहिला. दहा मिनिटांनी आपल्या मनानं उठला आणि सावकाश, जड पंख मारत उत्तरेकडं गेला. शेपटी पांढरीशुभ्र, शेवटाला रुंद काळी पट्टी. इरकली लुगड्याचा काठ असतो ना, तशी रेघ मारल्यासारखी.

मोबाइल दुर्बिणीला टेकवून फोटो काढला. त्यात तांदळाचा एक दाणा आलाय. पक्षी ओळखायच्या ॲपनं तीन नावं दिली, तिन्ही वेगळी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर एकानं ‘कबूतर’ लिहिलं आणि ॲडमिननं त्याला अंगठा दिला.

तर हा कोण? सोलापुरात येतो का? आणि परत बघायचा झाला तर कुठं जाऊ?

शेकाट्या_०७ | १५ डिसेंबर, रात्री १०:२०

वर्णन झकास केलंय. दोन प्रश्न. पाय कुठल्या रंगाचे होते? आणि पाठ शेजारच्या कुरवांपेक्षा गडद होती का तेवढीच?

(ॲपला जागा कुठली दिली होती तेही बघा. माझं ॲप महिनाभर मुंबईवर अडकून होतं, आणि मी होटगीच्या तलावावर समुद्रपक्षी मोजत होतो.)

तुळजापूर_रोडवाला | १५ डिसेंबर, रात्री १०:३१

पाय दगडाआड होते, उडताना बघायचे राहिले. पाठ तेवढीच फिकी, गडद अजिबात नाही.

बंदरावरचा | १६ डिसेंबर, सकाळी ७:१५

हुग्लिनचा कुरव. हर्णै बंदरात थंडीत ढिगानं असतात. मोठा कुरव दिसला की हुग्लिन समजायचं. एक चुकून आत आला असेल.

पारेवाडी_अप_लूप | १६ डिसेंबर, दुपारी ३:४०

तुळजापूर रोडवाले, पेढे वाटा. तुम्हाला दिसला तो पल्लासचा कुरव.

फोटो नसताना पक्कं म्हणू नये हे मलाही कळतं. पण तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी अशा आहेत की तिथं दुसरं कुणी बसत नाही. काजळ आणि त्याच्या वर-खालची पांढरी कोर, ही पहिली. शेपटीचा रेघ मारलेला काठ, ही दुसरी. आणि घार आली तरी न उठणं. ही तिसरी पुस्तकात मिळणार नाही, ती माझ्या पदरची.

बंदरावरचे साहेब, हर्णै मीही पाहिलंय, जावई दापोलीला असतात. हुग्लिनची पाठ पाटीसारखी गडद. थंडीत त्याच्या डोक्या-मानेवर बारीक तपकिरी रेघोट्या असतात, असा एकाच जागी पुसलेला डाग नसतो. त्याचं पोर अंगभर चितकबरं तपकिरी असतं. यांनी पाठ फिकी राखाडी लिहिलीय. मोठा कुरव म्हणजे हुग्लिन हा हिशोब बंदरावर चालत असेल. इथं घाटावर, गोड्या पाण्यावर, मोठा कुरव दिसला की मी आधी पल्लासचाच विचार करतो.

आता जरा लांबण लावतो, निवृत्त माणूस आहे. पॉइंट्समन म्हणून रेल्वेत लागलो आणि स्टेशन मास्तर होऊन बाहेर पडलो. जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, परत पारेवाडी. बदलीसाठी लोक पुण्याकडं धडपडायचे, मी उजनीच्या पाण्याजवळून हललो नाही. तेव्हा सिंगल लाइन होती. रात्रपाळी संपली की चार्ज द्यायचा, सायकल काढायची आणि केत्तूरकडं पाण्यावर जायचं. घरी जेवायला बारा वाजायचे. त्यावरून जे ऐकलं ते इथं लिहीत नाही.

२००७ च्या फेब्रुवारीत हा पक्षी मला पहिल्यांदा दिसला आणि मी तो चुकीचा लिहिला. काठावर एकटाच होता. डोकं कोळशासारखं काळं, चोच पिवळी, टोकाशी काळा पट्टा आणि लाल. वहीत लिहिलं, ‘काळ्या डोक्याचा कुरव, १’. डोकं काळं, म्हणजे काळ्या डोक्याचा, अजून काय पाहिजे? पुढच्या वर्षीही तेच लिहिलं. नंतर समजलं की ज्याला काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात त्याचं डोकं काळं नसतंच, विणीच्या दिवसांत ते चॉकलेटी होतं. तपकिरी डोक्याचंही तपकिरी. खरं काळंभोर डोकं या मोठ्याचं, आणि त्याला नाव मिळालं एका जर्मन माणसाचं! पेटर सिमोन पल्लास. रशियाच्या नोकरीत होता. १७७३ साली कॅस्पियन समुद्राकडच्या पक्ष्यावरून त्यानं याचं वर्णन लिहिलं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ग्रेट ब्लॅक-हेडेड गल’ सापडेल, ते नाव बरं होतं. शास्त्रीय नाव आहे इक्थिएटस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मासेखाऊ गरुड. एकदा त्याला पाणकावळ्याच्या मागं लागलेला बघा, म्हणजे ते नाव उगीच नाही हे पटेल.

चूक उमगली ती तिसऱ्या वर्षी. मातीच्या एका बेटावर हा ब्राह्मणी घारीशेजारी येऊन बसला आणि घार लहान दिसायला लागली. तपकिरी डोक्याचा कुरव चोचीपासून शेपटीपर्यंत ४०-४५ सेंटीमीटर. हा ६० च्या आसपास, काही तर ७० पर्यंत जातात. पंख पसरले की पाच फूट. पण एकटा बसला असला तर यातलं काही कळत नाही! उघड्या पाण्यावर आकार फसवतो. तुम्ही पहिल्या फटक्यात ओळखलात कारण शेजारी मापं मांडलेली होती, बगळा, कुरव, शेकाटे. मला जे दोन वर्षं कळलं नव्हतं ते तुम्ही परवा दहा मिनिटांत पाहिलंत.

तुमचा पक्षी पोर आहे. शेपटीला काळी पट्टी म्हणजे पूर्ण वयात आलेला नाही. पुरा व्हायला याला चौथं वर्ष लागतं. मोठ्यांची शेपटी कोरी पांढरी, आणि पंखाचं टोकही बरंचसं पांढरं, त्यात काळी चंद्रकोर. थंडीच्या सुरुवातीला मोठ्यांचंही डोकं असंच काजळ पुसल्यासारखं असतं. म्हणून डिसेंबरात काळं डोकं शोधत फिरू नका. जानेवारी संपता संपता रंग भरायला लागतो, फेब्रुवारीत काळंभोर. बाकीचे कुरव तोवर पांढरी टोपी घालूनच बसलेले असतात. हा मध्य आशियातल्या तलावांवर परत जायच्या तयारीला लवकर लागतो.

आता कुठं जायचं. हिप्परग्याला परत दिसेलही, पण तिथं मी त्याला वाटसरू धरतो. उजनी गाठा. पण उजनी शंभर टक्के असताना नको. धरण भरलेलं असलं की पाणी थेट उसाच्या बांधाला टेकतं, पक्ष्यांना बसायला टीचभर जागा नसते. रब्बीचं आवर्तन सुटलं, पाणी उतरायला लागलं, की काठाला गाळ उघडा पडतो, बेटं वर येतात. मग कुरव दुपारचे तिथं येऊन बसतात. या धरणाचं पोट मोठं आहे. सगळं मिळून ११७ टीएमसी, त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठा. त्यामुळं पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे वापराचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला, असा मथळा आला तरी पक्ष्यांपुरतं पाणी भरपूर उरतं. ज्या वर्षी मायनस लवकर होते त्या वर्षी मला पक्षी बरे दिसतात. हे मोठ्यानं बोलता येत नाही, माझ्या भावाचा ऊस त्याच पाण्यावर आहे.

सगळे भिगवण-कुंभारगावला जातात. तिथं होड्या आहेत, चहा आहे, जेवण आहे. पण तो काठ पाण्याच्या पुणे जिल्ह्याच्या अंगाला. सकाळी तिथून पाण्याकडं बघितलं की ऊन डोळ्यांत येतं आणि पांढरा पक्षी काळा दिसतो. करमाळ्याच्या बाजूनं, केत्तूरकडं गेलात तर सकाळचं ऊन पाठीशी. कुरव ओळखायचे तर उजेड पाठीशी पाहिजे, सगळा खेळ चोचीच्या रंगाचा आहे.

होडी करू नका. मी एकदा केली होती. होडीवाल्याला म्हटलं अजून जवळ, अजून जवळ, आणि पक्षी उठला तो त्या खाडीवर नऊ दिवस आला नाही. रोज जाऊन मोजले म्हणून आकडा लक्षात आहे. होडीतून शेव-फरसाण टाकतात त्याला बारके कुरव झुंबड करतात, पण या मोठ्याला मी एकदाही शेवेवर आलेला पाहिला नाही. शेव त्या बारक्यांनाही टाकू नये, पण ते सांगून सांगून माझा घसा बसला.

काठावर बसायचं, डोक्याला गमछा, मांडीवर डबा. कुरवांच्या थव्याच्या मधे बघायचं नाही, कडा बघायच्या. हा टोकाला असतो, दोन हात सोडून. तुमचा होता तसाच.

शेकाट्या_०७ | १६ डिसेंबर, सायंकाळी ६:०२

मास्तर, नऊ दिवस रोज गेलात?

पारेवाडी_अप_लूप | १६ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

दहाव्या दिवशीही गेलो. तेव्हा आला.

बंदरावरचा | १६ डिसेंबर, रात्री ८:३०

पाठ फिकी हे मी नीट वाचलं नव्हतं. हुग्लिन मागं घेतो. पण हर्णैला पल्लास पण दिसतात हां, हे लिहून ठेवा.

चिलापी_केत्तूर | १८ डिसेंबर, रात्री ११:०८

आम्ही पाण्याकाठचेच. वडील जाळं टाकतात, मी बार्शीला कॉलेजला असतो, सुट्टीत होडीवर. ह्या पक्ष्याला आमच्याकडं वेगळं नाव नाही, पांढरं दिसलं की बगळा म्हणतात. पण वडिलांना हा माहीत आहे. ते म्हणतात तो ‘दरोडेखोर’.

पहाटे जाळं ओढताना बारके कुरव अंगावर येतात, हातातली चिलापी (मासळी) नेतील असं वाटतं. हा येत नाही. लांब बसतो. पाणकावळ्यानं मासा धरून डोकं वर काढलं की मगच उठतो. पाणकावळ्याला मासा गिळायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात हा वर जाऊन पोचतो. वडील म्हणतात कष्ट एकाचे आणि जेवण दुसऱ्याचं, तुमच्या व्यापाऱ्यांसारखं.

मास्तरांनी सांगितलं ते बरोबर, आत्ता येऊ नका. पाणी उसात आहे. जानेवारीच्या शेवटी या. आणि ड्रोन आणू नका. मागच्या साली एकानं उडवला, सगळी पाखरं उठली आणि आमची जाळी तशीच राहिली.

तुळजापूर_रोडवाला | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतो.

रविवारी पहाटे साडेतीनला गाडीला किक मारली. थंडी अशी की मोहोळपर्यंत बोटं कुणाची आहेत ते कळेना. टेंभुर्णीला चहा, मग जेऊर, मग केत्तूर. बायकोला खरं सांगूनच निघालो. ती म्हणाली, “एवढ्या लांब एका पक्ष्यासाठी? इथं सिद्धेश्वर तलावावर काय कमी आहेत?” तिच्या म्हणण्यात चूक नाही, पण तिनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली हे लिहिणं भाग आहे.

उजाडताना पोचलो. पाणी बरंच मागं गेलंय, काठाला गाळाचा पट्टा आणि समोर दोन बेटं. ऊन पाठीशी, मास्तरांनी सांगितलं तसं. पट्टकादंब (डोक्यावर काळ्या पट्ट्यांचे हंस) होते, चमच्यासारख्या चोचीचे चमचे होते, लांबवर रोहित (फ्लेमिंगो) एका ओळीत. कुरव दीड-दोनशे तरी असतील. मी कडा बघत बसलो. आठ वाजले, नऊ वाजले, सगळे कुरव एका मापाचे. चिलापी केत्तूरचे वडील होडी काठाला लावून येऊन बसले. त्यांनी तंबाखू मळली, मी भाकरी सोडली. ते म्हणाले, “तो काय तिकडं झोपलाय की.”

दुसऱ्या बेटाच्या पार शेवटी एक पांढरा ढीग होता. मी तो तीनदा बघून सोडला होता. दगडाला चुना मारल्यासारखा वाटत होता. मान पाठीत खुपसून हा झोपलेला, म्हणून डोकं नाही, चोच नाही, काहीच नाही. तिथून पुढं सव्वा तास मी एका झोपलेल्या पक्ष्याकडं बघत होतो. एवढा वेळ मी माझ्या मुलाला झोपलेलं बघितलेलं नाही.

साडेदहाच्या सुमारास पाणकावळ्यांचा एक थवा पोहत बेटाजवळ आला. एकानं मासा वर काढला, बऱ्यापैकी मोठा, चोचीत आडवा. ढीग उठला. डोकं बाहेर आलं आणि मास्तर, ते काळं होतं. अगदी पूर्ण नाही, चोचीच्या मुळाशी अजून पांढरे ठिपके, पण बाकी काळं, आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली त्याच दोन पांढऱ्या कोरी. पाय या वेळी बघितले, पिवळे. पाच-सहा पंख मारून तो पाणकावळ्याच्या डोक्यावर. पाणकावळ्यानं बुडी मारली, वर आला, हा तिथंच. परत बुडी. तिसऱ्यांदा मासा सुटला आणि यानं पाण्यावरूनच उचलला. शेपटी कोरी होती, काठ नाही. पंखाच्या टोकाला चंद्रकोर दिसली.

वडील म्हणाले, “बघा. दरोडेखोर.” आणि तंबाखू थुंकून होडीकडं गेले.

दुपारी एकपर्यंत बसलो. अजून एक दिसला, उडत गेला, त्याच्या शेपटीला पट्टी होती. म्हणजे एक मोठा, एक पोर. फोटोत या वेळी तांदळाचे दोन दाणे आलेत.

आता शंका राहिली हिप्परग्याची. १३ डिसेंबरची ती नोंद ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाकू का? फोटोचा उपयोग नाही, ग्रुपवर अजून कबूतरच चाललंय. आणि टाकली तर वय काय लिहू? मी पुस्तकात बघितलं, मला दुसरा हिवाळा वाटतोय.

पारेवाडी_अप_लूप | १० फेब्रुवारी, सकाळी ६:३०

टाका. फोटो नसला तरी वर्णन चालतं, आणि तुमचं वर्णन बऱ्याच फोटोंपेक्षा बरं आहे. संख्या १. चोच, काजळ, पांढऱ्या कोरी, शेपटीचा काठ, शेजारच्या कुरवांशी आणि बगळ्याशी तुलना, हे सगळं इथं लिहिलंत त्याच शब्दांत घाला. घारीचं पण घाला. पाय दिसले नाहीत हेही लिहा. केत्तूरला पिवळे दिसले म्हणून हिप्परग्याच्या नोंदीत पिवळे लिहू नका.

वय नुसतं ‘अप्रौढ’. पहिल्या हिवाळ्यातल्या पोराचीही पाठ डिसेंबरात राखाडी होत आलेली असते आणि शेपटीला पट्टी दोघांनाही असते. पंख उघडा असताना वरून नीट पाहिला असता तर ठरवता आलं असतं. तो उत्तरेकडं गेला म्हणता, म्हणजे तुम्हाला मागूनच दिसला असणार.

तुळजापूर_रोडवाला | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

मागूनच. ‘अप्रौढ’ लिहून टाकली. आत्ता हिप्परग्यावरच उभा आहे, मुरमाचा उंचवटा आता चांगला मोठा झालाय. कुरव एकवीस, सगळे बारके. अकराला नळदुर्गला पोचायचंय.